बुडती बँक सरकार वाचवते तेव्हा नेमकं वाचतं कोण?

घाटंजीकडच्या एका पोरानं विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. "काका, तुम्ही बँकेत होते म्हणून विचारतो. बुडणाऱ्या बँका अन् फायनान्स कंपन्यांना सरकार आपल्या टॅक्सच्या पैशातून हजारो कोटी देते, मग शेतकऱ्याच्या कर्जमाफीचं नाव काढलं की लोकांच्या पोटात काहून दुखते? अन् आमच्या गावची पतसंस्था बुडाली, त्यात आईचे एक लाख ऐंशी हजार अडकले, तिला वाचवायला कोणीच काहून येत नाही?"

बाबू, तू एकात तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक यवतमाळ अन् वर्ध्याच्या खेड्यातल्या शाखांत, आधी कृषी अधिकारी म्हणून मग मॅनेजर म्हणून. मुंबईच्या हेड ऑफिसात काय शिजत होतं ते मला लांबूनच दिसलं पण त्याचा परिणाम काऊंटरवर कसा येतो ते रोज पाहिलं.

आधी बँक बुडते म्हणजे काय होते ते समजून घे. बँकेनं १०० रुपये कर्ज वाटलं तर त्यात तिचे स्वतःचे, म्हणजे भागधारकांचे, नऊ ते बारा रुपये असतात आणि बाकी सगळे तुझ्या आईसारख्या ठेवीदारांचे. म्हणजे शंभरातले बारा-पंधरा रुपये कायमचे बुडाले की बँकेचं स्वतःचं काहीच उरत नाही, त्यापुढचा प्रत्येक रुपया ठेवीदाराच्या खिशातून जातो. मार्च २०१८ मध्ये आपल्या सरकारी बँकांचा एनपीए, म्हणजे वाटलेल्या कर्जातला थकलेला भाग, साडेचौदा टक्क्यांच्या वर गेला होता. तो सगळाच कायमचा बुडीत नव्हता, तारण असते, थोडीफार वसुली होते, पण अवस्था किती नाजूक होती ते यावरून कळेल. आणि ही थकबाकी मुख्यतः पीककर्जाची नव्हती हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पोलाद, वीज, रस्ते अशा मोठ्या प्रोजेक्टची होती. आपल्याकडं शेतकरी पीककर्जाचं नवं-जुनं करतो ना, व्याज भरायचं आणि त्याच दिवशी नवं कर्ज उचलायचं, तसंच नवं-जुनं मोठ्या कंपन्यांच्या कर्जाचंही वर्षानुवर्षं चाललं होतं. फरक एवढाच की शेतकऱ्याचे दोन हंगाम चुकले की खातं लाल होते, तिथं मात्र पुनर्रचनेच्या नावाखाली ते कित्येक वर्षं हिरवंच दिसत राहिलं. रिझर्व्ह बँकेनं २०१५ पासून तपासणी कडक केली तेव्हा खरी थकबाकी बाहेर आली.

मग सरकारनं पैसे ओतले. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारी बँकांत ३ लाख १० हजार कोटींच्या वर भांडवल घातलं गेलं. पण हा पैसा ट्रकमध्ये भरून कोणी आणला नाही. यातले २ लाख ७६ हजार कोटी रोख्यांच्या मार्गानं आले. म्हणजे सरकारनं रोखे काढले, बँकेनं ठेवीदारांच्या पैशातून ते विकत घेतले, आणि तेच पैसे सरकारनं भांडवल म्हणून परत त्याच बँकेत टाकले. त्या दिवशी तिजोरीतून रुपयाही बाहेर जात नाही, म्हणून लोकांना वाटते की फुकटात झालं. पण त्या रोख्यांचं व्याज दरवर्षी बजेटमधून जाते आणि मुदत संपली की मुद्दलही तिथूनच द्यावं लागते. तो पैसा तुझा माझा. काही शहाणे म्हणतात शेतकरी टॅक्सच भरत नाही, त्याला काय बोलायचा हक्क. फवारणीचं औषध घेतो त्यावर १८ टक्के जीएसटी असते, मोटारीत डिझेल टाकतो त्यावर एक्साइज अन् व्हॅट असते. तू भरतोस, फक्त पावती वेगळ्या नावानं फाटते.

आता हे पैसे टाकणं चुकीचं होतं का? माझं मत तुला कदाचित आवडणार नाही. टाकणं गरजेचं होतं. बँकेचं भांडवल संपलं की ती पहिल्यांदा कर्ज देणं थांबवते, आणि आखडता हात घेतला की पहिला फटका खेड्यातल्या शाखेला बसतो. माझ्या शाखेत त्या वर्षांत वरून तोंडी सांगणं असायचं की नवीन मुदती कर्ज काढू नका, वसुली बघा. विहिरीचं कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी स्वतः दोनदा परत पाठवलं आहे, कागद सगळे नीट असताना. ते अजून टोचते. पुढं २०२३-२४ मध्ये सगळ्या सरकारी बँका मिळून नफा १ लाख ४० हजार कोटींच्या वर गेला, आणि सरकारला लाभांशही मिळायला लागला, म्हणजे पैसा पूर्ण वाया गेला असं नाही.

पण माझी तक्रार वेगळी आहे. मदत द्यावी का नाही यावर लोक भांडतात, ती मदत कोणाच्या नावानं निघाली आणि कोणाच्या घरी पोचली हे मात्र कोणी विचारत नाही. यासाठी कर्जमाफीचंच उदाहरण घे, कारण ते मी हातानं केलं आहे.

२९ फेब्रुवारी २००८ च्या बजेटमध्ये केंद्राची मोठी कर्जमाफी जाहीर झाली, सुरुवातीला ६० हजार कोटींची, नंतर आकडा ७१ हजार कोटींच्या वर गेला. अटी अशा, की कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेलं पाहिजे, ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं पाहिजे आणि २९ फेब्रुवारीपर्यंत भरलेलं नको. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर पूर्ण माफ, वर असेल तर थोडी सूट, तीही उरलेली रक्कम आधी भरली तर. आम्ही रात्री दहा-अकरापर्यंत बसून याद्या केल्या, शाखेच्या बाहेर फलकावर चिकटवल्या. सकाळी लोक नाव शोधायला यायचे. एक म्हातारा आला, त्याच्याकडं सात एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर, वर्षाचं एकच पीक. पाच एकराच्या वर म्हणून तो 'मोठा शेतकरी'. पाणी असलेल्या भागातला चार एकर उसवाला 'लहान शेतकरी' म्हणून पूर्ण माफीत बसला. विदर्भात जमीन जास्त दिसते कारण ती कमी पिकते, हे ज्यानं नियम लिहिला त्याला माहीतच नव्हतं. नंतर २००८ च्या शेवटी राज्य सरकारला वेगळी भर घालावी लागली ती यामुळंच. दुसरा एक जण, त्यानं जानेवारीत कापूस विकून, वर बायकोची पोत मोडून कर्ज पूर्ण भरलं होतं, खातं नील. त्याला काहीच मिळालं नाही. तो मला शिव्या देत नव्हता, फक्त विचारत होता की साहेब मी भरलं हे चुकलं का माझं. मी काय उत्तर देणार होतो? कॅगनं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेनं, २०१३ मध्ये या योजनेची खाती तपासली तेव्हा तपासलेल्यांपैकी २२ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत चुका निघाल्या, कुठं पात्र सुटला, कुठं अपात्र बसला. मला त्याचं नवल वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट बघ. ज्यांना पूर्ण माफी मिळाली त्यांच्या हातात एक रुपया तरी आला का? नाही. सातबारावरचा बोजा उतरला, तेवढंच. पैसा दिल्लीतून निघाला आणि बँकेच्या खात्यात जमा झाला. माझ्या शाखेचा एनपीए त्या वर्षी झटक्यात खाली आला, वसुलीचं टार्गेट पूर्ण झालं, कारण जे पैसे येणारच नाहीत असं धरून चाललो होतो ते सरकारनं भरले. जिल्हा बँका आणि गावोगावच्या सोसायट्यांचंही तेच. शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे खरंच, त्याला नवीन कर्जाची वाट मोकळी झाली, मी ते कमी लेखत नाही, सावकाराच्या दारातून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. पण हिशोबाच्या भाषेत बोलायचं तर कर्जमाफी हे बँकेलाच दिलेलं बेलआउट, म्हणजे बुडण्यापासून वाचवणारी सरकारी मदत, आहे, फक्त त्याच्यावर नाव शेतकऱ्याचं असते. म्हणून 'बँकांना वाचवता अन् शेतकऱ्याला नाही' असं म्हणण्यापेक्षा असं म्हण, की दोन्ही वेळा बँक वाचली, आणि शिव्या एकदाच, त्याही शेतकऱ्याला पडल्या.

आपलंच असं आहे असं समजू नको. अमेरिकेत १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली, सरकारनं तिला वाचवलं नाही. दुसऱ्याच दिवशी एआयजी नावाच्या विमा कंपनीला तिथल्या रिझर्व्ह बँकेनं ८५ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं आणि बदल्यात जवळपास ८० टक्के मालकी सरकारकडं घेतली. मदतीचा एकूण आकडा पुढं १८२ अब्जांपर्यंत गेला. पण ते पैसे एआयजीमध्ये थांबलेच नाहीत. एआयजीनं बड्या बँकांना घरकर्जाच्या रोख्यांवर हमी देऊन ठेवली होती, ती पूर्ण करायला पैसा पुढं गेला, एकट्या गोल्डमन सॅक्स बँकेला १२.९ अब्ज डॉलर पोचले, आणि त्या बँकांना पदरची काही झीज सोसावी लागली नाही, शंभरातले शंभर मिळाले. नाव एआयजीचं, पैसा बँकांचा. वर मार्च २००९ मध्ये त्याच कंपनीनं ज्या विभागानं घाण केली त्यातल्या लोकांना १६५ दशलक्ष डॉलर बोनस दिला तेव्हा तिथंही लोक भडकले. पुढं अमेरिकेच्या सरकारला एआयजीच्या व्यवहारात नफाच झाला, बँकांना दिलेले पैसेही दिल्यापेक्षा जास्त परत आले. इंग्लंडचं तसं झालं नाही, तिथं आरबीएस बँकेत सरकारनं ४५ अब्ज पौंडांच्या वर टाकले आणि शेवटचे शेअर विकून बाहेर पडायला २०२५ उजाडलं, तरी सुमारे १० अब्ज पौंडांचा खड्डा राहिलाच. म्हणजे बेलआउटमध्ये सरकारचा पैसा बुडतोच असं नाही, पण ज्या कुटुंबांची घरं लिलावात गेली त्यांना त्या नफ्यातलं काय मिळालं, हा प्रश्न तसाच राहिला.

तू म्हणशील मग बुडू द्यायची ना सरळ. लेहमन बुडू दिली तर जगभर काय झालं ते सांगितलंच जाते, मी तुला जवळचं सांगतो. ५ मार्च २०२० ला संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले, एका खात्यातून ५० हजारच काढता येतील म्हणून. त्या रात्री फोनपे बंद पडलं, कारण त्यांचे व्यवहार येस बँकेमार्फत चालायचे. गावातल्या किराणावाल्याचं येस बँकेशी काही देणंघेणं नव्हतं, तिची शाखाही त्यानं कधी पाहिली नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी तो 'नगद द्या' म्हणून बसला होता. वित्तीय कंपन्या अशा एकमेकांत गुंतलेल्या असतात, एकीची वाफ दुसरीला भाजते, आणि सरकारला नेमकी तीच भीती असते. मग स्टेट बँकेला पुढं केलं, तिनं ६ हजार कोटींच्या वर टाकले, खाजगी बँकांनीही टाकले, १८ मार्चला निर्बंध उठले. ठेवीदाराचा एक रुपया गेला नाही, हे चांगलं झालं. पण ८ हजार ४१५ कोटींचे एटी-१ बॉण्ड, म्हणजे बँक अडचणीत आली की ज्यांचा पैसा बुडू शकतो असे रोखे, शून्य झाले, आणि ते एफडीसारखेच आहेत असं सांगून ज्यांच्या पदरात टाकले असे काही साधे रिटायर लोकही त्यात होते.

इथं एक गोष्ट लक्षात ठेव, सगळे बेलआउट बजेटमध्ये दिसत नाहीत. स्टेट बँकेनं टाकलेले पैसे बजेटात नाहीत पण स्टेट बँक आहे कोणाची? आयडीबीआय बँक अडचणीत आली तेव्हा एलआयसीनं २१ हजार ६०० कोटींच्या आसपास घालून जानेवारी २०१९ पर्यंत ५१ टक्के मालकी घेतली. तो पैसा पॉलिसीवाल्यांच्या हप्त्यांतून जमलेला. तुझ्या घरी एलआयसीची पॉलिसी असेल तर त्या बँकेला वाचवण्यात तुझाही वाटा आहे, तुला विचारलं कोणी नसेल.

चांगलं उदाहरण एकही नाही का? आहे. यूटीआय या सरकारी म्युच्युअल फंडाची यूएस-६४ योजना. आपल्या भागातले मास्तर, तलाठी, पोस्टातले लोक, सगळ्यांनी त्यात पैसे ठेवले होते कारण ते सरकारी समजलं जायचं. जुलै २००१ मध्ये विक्री-खरेदी बंद केली तेव्हा माझ्या शाखेत एक रिटायर मुख्याध्यापक येऊन नुसते खुर्चीवर बसून राहिले होते, बोलले काहीच नाहीत. पुढं सरकारनं यूटीआयचे दोन तुकडे केले, हमी दिलेल्या योजना स्वतःकडं घेतल्या, आणि २००३ मध्ये ५ हजार युनिटपर्यंत १२ रुपयांचा भाव दिला, त्याच्या वरच्या युनिटला १० रुपये. नाहीतर पावणेसात टक्क्यांचे करमुक्त बॉण्ड घ्या म्हटलं. लहानाला जास्त, मोठ्याला कमी. वर त्या योजनांत आयटीसी, एल अँड टी, ॲक्सिस बँकेचे जे शेअर होते ते सरकारकडं राहिले आणि पुढं त्यातून तिजोरीला भरपूर पैसा आला. बेलआउट करायचंच तर माझ्या मते असं करावं, लहान माणूस आधी, आणि बदल्यात मालमत्ता सरकारच्या हातात.

याच्या उलट २०२० चं उदाहरण. कोरोनात कर्जाचे हप्ते सहा महिने थांबवले, त्या काळातलं व्याजावरचं व्याज सरकारनं २ कोटींपर्यंतच्या कर्जांना परत दिलं, बँकांमार्फत. घरकर्ज बसलं, गाडीचं कर्ज बसलं, क्रेडिट कार्डची थकबाकीसुद्धा बसली. पीककर्ज अन् ट्रॅक्टरचं कर्ज बसलं नाही. तेव्हा मी नोकरीतच होतो, शेतकऱ्यांना काय सांगावं कळत नव्हतं. त्याच वर्षी फायनान्स कंपन्या आणि मायक्रोफायनान्सवाल्यांसाठी ३० हजार कोटींची खास योजना आली. कंपनीला श्वास मिळाला. पण बचत गटातल्या बायांच्या दारात हप्ता मागायला येणारा पोऱ्या लॉकडाऊन उठताच परत आलाच.

आपल्याच भागातलं बेलआउटही सांगायला पाहिजे, कारण नवीन पोरांना ते माहीतच नाही. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळत नव्हता, भांडवल पार खाली गेलेलं. नागपूरच्या बँकेत तर २००२ ला सरकारी रोख्यांच्या व्यवहारात सुमारे दीडशे कोटी गेले, त्या खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रानं देशातल्या अशा २३ बँकांसाठी २ हजार ३७५ कोटींची योजना मंजूर केली, त्यात केंद्राचे ६७३ कोटी, राज्यांचे सगळ्यात जास्त, १ हजार ४६४ कोटी, बाकी नाबार्डचे. बँका वाचल्या, परवाने मिळाले. पण मधली जी वर्षं गेली त्यात वर्ध्याकडच्या कित्येक शेतकऱ्यांना सोसायटीकडून पीककर्ज मिळणं बंद झालं, ते आमच्या शाखेत रांगेत उभे राहायचे, आणि आमच्याकडं एका कृषी अधिकाऱ्याकडं चाळीस गावं. ज्याला आमच्याकडंही मिळालं नाही तो कुठं गेला ते तुला सांगायला नको. तिथं मदत आली, पण फार उशिरा आली. मे-जूनमध्ये बियाण्याला पैसे लागतात, कॅबिनेटचा निर्णय नोव्हेंबरमध्ये येऊन त्या हंगामाला काय उपयोग.

आता तुझ्या आईचं. ज्या बँकेत ठेव विमा आहे, म्हणजे सरकारी, खाजगी, अर्बन, जिल्हा बँक, तिथं बँक बुडाली तरी माणशी ५ लाखांपर्यंत मिळते, व्याज धरून. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती, पीएमसी या बुडालेल्या सहकारी बँकेत लोकांचे इतके हाल झाले तेव्हा ती वाढली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत पैसे द्यायचे असं ठरलं. पण पतसंस्था यात येत नाही. गावची सोसायटीही नाही, मल्टिस्टेट सोसायटीही नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं लक्ष नसते, ती सहकार खात्याच्या हाताखाली असते. पाटीवर लोखंडी तिजोरीचं चित्र असते, आत काऊंटर असते, पासबुक असते, संध्याकाळी दुकानावर पिग्मी, म्हणजे रोजची बचत, गोळा करायला माणूस येतो, व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त, म्हणून बायामाणसं तिला बँकच म्हणतात. आणि ती बुडाल्यानं फोनपे बंद पडत नाही, शेअर बाजार हलत नाही, म्हणून मुंबई-दिल्लीत कोणी दखल घेत नाही. तिला कोणी वाचवायला येत नाही याचं खरं कारण हेच आहे, आणि मला हे अन्यायाचं वाटते. एक लाख ऐंशी हजार ही तुझ्या आईची सगळी पुंजी असेल तर तिच्यासाठी ती बँक लेहमनपेक्षा लहान नाही.

तरी हात टेकू नको. जिल्हा उपनिबंधकाच्या ऑफिसात जाऊन बघ संस्थेवर प्रशासक आहे का अवसायक, म्हणजे संस्था बंद करून देणीघेणी मिटवणारा अधिकारी, नेमला आहे. अवसायक असेल तर त्याच्याकडं लेखी दावा द्यायचा, पोच घ्यायची. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करण्याची चौकशी चालू आहे का ते विचार, नसेल तर ठेवीदारांनी मिळून तशी मागणी करायची. कर्जदारांकडून कलम १०१ चे वसुली दाखले किती निघाले अन् वसुली किती झाली, हेही लेखी माग. अनेकदा सगळ्यात मोठी थकबाकी संचालकांच्याच नातेवाइकांकडं सापडते, आणि तुमच्या ठेवी परत यायच्या त्या त्याच वसुलीतून. फसवणूक दिसत असेल तर १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, ठेवीदारांच्या संरक्षणाचा, त्यात पोलिसांत गुन्हा नोंदवून संचालकांची मालमत्ता जप्त करता येते आणि तिच्या लिलावातून ठेवी देता येतात. वेळ लागते, पाच-सात वर्षंही जातात, मी खोटी आशा दाखवत नाही. पण जे वीस-पंचवीस जण मिळून गेले त्यांना थोडंथोडं का होईना परत मिळालेलं मी पाहिलं आहे, जो एकटा बसला त्याला काहीच नाही.

आणि एक, संस्थेचा माणूस घरी येऊन म्हणेल की पावती नवीन करून देतो, जुनी द्या. आईला आत्ताच फोन करून सांग, मूळ पावती कोणाच्याच हातात द्यायची नाही, पाहिजे त्याला झेरॉक्स द्यायची.